अस्सल आणि नक्कल, एकाच एसएसडीवर

2012-13च्या सुमारास आलेल्या बऱ्याच पातळ लॅपटॉपांत दोन डिस्क असत. एक 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि दुसरी मदरबोर्डवरच बसवलेली 24 किंवा 32 जीबीची चिमुकली एसएसडी. मोठी एसएसडी तेव्हा परवडत नव्हती, म्हणून ही तडजोड. त्यातले कितीतरी लॅपटॉप आजही धडधाकट आहेत. विंडोज काढून त्यांवर लिनक्स टाकलं की प्रश्न येतो, या 32 जीबीचं करायचं काय? ती हार्ड डिस्कसाठी कॅशे म्हणून वापरता येते आणि रॅम अपुरी पडते तेव्हा स्वॅप म्हणूनही. सहसा माणूस दोन पार्टिशन पाडतो आणि दोघांना निम्मं-निम्मं देऊन मोकळा होतो. वाटणी करायला हरकत नाही. पण निम्मं-निम्मंच का, याचं उत्तर मात्र कुणाकडे नसतं.

दोन्ही कामांना एसएसडी हवी असते, त्याचं कारण एकच. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते. म्हणजे एक फेरा साधारण 11 मिलिसेकंदांचा, आणि हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहणं आलं. डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला लागणारा वेळ वेगळाच. इकडून-तिकडून चार-चार केबीचे तुकडे गोळा करायचे असतील, तर ही डिस्क सेकंदाला पन्नास-साठ हेलपाटे घालते आणि दमते. एसएसडीला असा एक तुकडा आणायला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. स्वॅपचं वाचन नेमकं याच जातीचं असतं. विंडोज 7 घडत असताना, 2009 मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपली मोजणी जाहीर केली होती. पेजफाइलमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वॅपमध्ये, एका लिखाणामागे चाळीसेक वाचनं होत होती आणि त्यातली दोन-तृतीयांश वाचनं चार केबी किंवा त्याहून लहान होती.

इथवर कॅशे आणि स्वॅप जुळी भावंडं वाटतात. पुढे मात्र त्यांची जात वेगळी निघते. कॅशेमध्ये जे असतं ती नक्कल असते. तिचं अस्सल हार्ड डिस्कवर सुखरूप असतं. स्वॅपमध्ये गेलेली वस्तू रॅममधून काढलेली असते, तिचं अस्सल तिथेच आणि फक्त तिथेच असतं. खरेदीखताची झेरॉक्स हरवली तर दुसरी काढता येते. मूळ खतच गहाळ झालं तर नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

स्वॅपमध्ये सगळंच जातं असंही नाही, आणि ते पाहिलं की हा फरक आणखी ठळक होतो. ब्राउझर चालू आहे असं समजा. त्याच्या प्रोग्रॅमचा कोड रॅममध्ये असला तरी तो डिस्कवरच्या फाइलीतून आलेला आहे. रॅम कमी पडली की कर्नल तो सरळ टाकून देतो. लागला की पुन्हा वाचता येतोच. उघड्या टॅबांनी चालता चालता जे उभं केलं, अर्धवट भरलेला फॉर्म, मांडून झालेलं पान, त्याला मागे कुठलीच फाइल नसते. ते टाकून देता येत नाही, ठेवूनच द्यावं लागतं, आणि ठेवायची जागा म्हणजे स्वॅप.

म्हणजे रॅमची चणचण भासली की कर्नलपुढे दर वेळी निवड असते: फाइलींची पानं (रॅमचे छोटे तुकडे) टाकायची, की बिनफाइलींची पानं स्वॅपमध्ये ढकलायची? लिनक्समधला ‘स्वॅपिनेस’ हा आकडा याच निवडीसाठी आहे. तो मुळात 60 असतो आणि स्वॅप महाग, फाइल पुन्हा वाचणं स्वस्त असं कर्नल धरून चालतो. 100 म्हणजे दोन्हींची किंमत सारखी. 2020च्या 5.8 आवृत्तीपासून हा आकडा 200 पर्यंत नेता येतो. आता आपल्या लॅपटॉपकडे पाहा. स्वॅप एसएसडीवर आणि फाइली नुसत्या हार्ड डिस्कवर असतील, तर फाइल पुन्हा वाचणंच महाग पडतं, तेव्हा आकडा शंभराच्या वर हवा. कॅशेही एसएसडीवर असेल तर नेहमीच्या फाइलीही तिथूनच येतात आणि आकडा शंभराजवळ शोभतो. पार्टिशन पाडून हा आकडा 60 वरच ठेवणं म्हणजे अर्धवट काम झालं, असं मला वाटतं.

आता आकार. कॅशेला जितकी जागा द्याल तितकी ती वापरते. तुमच्या रोजच्या वापरातल्या फाइली मावेपर्यंत फायदा वाढत जातो. स्वॅपचं तसं नाही. 1968 मध्ये पीटर डेनिंगने ‘वर्किंग सेट’ची कल्पना मांडली. चालू कामाला एका वेळी लागणारी पानं रॅममध्ये मावत नसतील, तर यंत्र पानांची ने-आण करण्यातच वेळ घालवतं. तिथे स्वॅप 4 जीबीची 12 केली तरी सुटका नाही. एसएसडीने रखडणं थोडं सुसह्य होतं इतकंच. स्वॅपमध्ये निवांत पडून राहणारी पानं मावली आणि लॅपटॉप हायबरनेट करायचा असेल तर त्याची सोय झाली, की बास. रॅम 4 जीबी असेल तर 32 जीबीच्या एसएसडीवर, जी कर्नलच्या हिशेबात जेमतेम 29.8 भरते, मी स्वॅपला 5-6, कॅशेला 20 आणि बाकी जागा कोरी ठेवेन.

कोरी कशाला, तर पार्टिशनची रेघ फक्त आपल्याला दिसते. आतला कंट्रोलर झीज सगळ्या चिपवर सारखी पसरवतो. त्याच्या लेखी स्वॅपची बाजू आणि कॅशेची बाजू असं काही नसतं. मोकळी जागा असली की त्याला ही उलथापालथ सोपी जाते. स्वॅपने एसएसडी झिजेल म्हणून लोक धास्तावतात, पण पुष्कळदा कॅशेच जास्त लिहिते. हार्ड डिस्कवरून वाचलेली वस्तू कॅशेत ठेवायची म्हणजे एसएसडीवर लिहायचीच. म्हणून 2013 मध्ये कर्नलमध्ये आलेली बीकॅशे ही कॅशे-यंत्रणा सलग चाललेलं मोठं वाचन, मूळच्या मर्यादेनुसार 4 एमबीच्या पुढचं, कॅशेत घेतच नाही. सिनेमा पाहताना कॅशे भरून जात नाही ती याच कारणाने.

एका ठिकाणी मात्र नक्कल अस्सल होऊन बसते. बीकॅशेची मूळ पद्धत ‘राइट-थ्रू’: लिहिलेलं एसएसडीवर जातं आणि हार्ड डिस्कवरही. ‘राइट-बॅक’ लावलं की आधी एसएसडीवर लिहून काम झालं म्हणायचं आणि हार्ड डिस्कवर सवडीने पाठवायचं. लिखाण झटपट होतं खरं, पण तेवढा वेळ तुमच्या फाइलीची खरी प्रत एसएसडीवरच असते आणि हार्ड डिस्कवर शिळी. इतक्या वर्षांच्या, झिजलेल्या एसएसडीवर मी राइट-बॅक लावणार नाही. ती मेली तर स्वॅपमुळे चालू प्रोग्रॅम कोसळतील, लॅपटॉप पुन्हा सुरू करावा लागेल. पण राइट-बॅकमध्ये फाइल सिस्टीमच तुटते.

एसएसडी काढायची वेळ आली की हा फरक हाताशी येतो. राइट-थ्रू कॅशे केव्हाही सोडवता येते. राइट-बॅक असेल तर साचलेला माल हार्ड डिस्कवर उतरेपर्यंत थांबावं लागतं. स्वॅपसाठी ‘स्वॅपऑफ’ दिलं की कर्नल तिथली पानं एकेक करून रॅममध्ये परत आणतो, आणि रॅममध्ये तेवढी जागा नसेल तर साफ नकार देतो. मग आधी ब्राउझर बंद करायचा आणि पुन्हा ‘स्वॅपऑफ’ द्यायचं.