वहीतील कथा आणि आपली साक्ष

छापलेल्या पुस्तकाविषयी मत देणे सोपे असते. बरेवाईट काहीही म्हटले तरी त्यातले एक अक्षरही आता बदलायचे नसते. हस्तलिखिताचे तसे नाही. कथा अजून घडायची असते आणि वही आपल्या हाती देणारा माणूस येत्या रविवारी मिस्सेला आपल्याच बाकावर बसणार असतो. म्हणून ‘छान आहे, लिहीत राहा’ एवढे बोलून आपण वही परत करतो. हे सौजन्य की असत्य? आठव्या आज्ञेचा विचार करताना आपणांस कोर्टातील साक्ष आठवते, अशी वहीवरची साक्ष सहसा आठवत नाही.

आमच्या मते अशा कौतुकात दयेपेक्षा आळस अधिक असतो. फटकळ अभिप्रायाचेही तेच. ‘जमले नाही’ म्हणण्यासाठी कथा पूर्ण वाचावी लागत नाही.

भंडारदऱ्याला आम्ही काही मंडळी एका नवोदिताची दीर्घकथा ऐकण्यास जमलो होतो. कथा धरणात जमीन गेलेल्या कुटुंबाची. एकाने सुचवले, ‘शेवटी थोरल्या मुलाला गावी परत आणा.’ दुसरे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, ‘आजी घर सोडते तिथे माझे लक्ष उडाले. चूल विझवल्याशिवाय ती निघेलच कशी?’ पहिल्याने स्वतःची कथा सांगितली. दुसऱ्याने लेखकाची कथा ऐकली होती. लेखकाला उपयोग झाला तो दुसऱ्याचा, यात नवल नाही. तेथील धरणाची भिंत १९२६ साली पुरी झाली. १९६९ मध्ये तिला तडे गेल्याचे आढळले, तेव्हा ती पाडली नाही, पुढे खालच्या अंगाने आधार देऊन बळकट केली. तडा नेमका कुठे, हे सांगणारा मात्र आधी लागतो.

मराठीत हे काम व्रतासारखे केले ते ‘सत्यकथे’च्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी. कथा परत येई ती सविस्तर पत्रासह, पुनर्लेखनाच्या सूचनांसह. पुष्कळांची लेखणी त्या पत्रांनी घडली. पण १९६९ सालीच अनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, हेही विसरता येत नाही. संपादकाची अभिरुची हीच कथेची कसोटी का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच गैर होता असे आम्हांस वाटत नाही.

याच पटवर्धनांनी मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा ‘पाडस’ हा अनुवाद केला. फ्लोरिडाच्या रानातील एका मुलावर लिहा, असे रॉलिंग्ज यांना सुचवले होते ते न्यूयॉर्कचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी. बाईंनी ते लगेच ऐकले नाही. आधी आपली दुसरी कादंबरी पुरी केली. मुलाची कादंबरी १९३८ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. सूचना पर्किन्स यांची असली तरी ती केव्हा आणि कशी घ्यायची, हे लेखिकेने ठरवले. अभिप्राय घेणाऱ्याने निमूट ऐकावे, वाद घालू नये, हे खरे. परंतु ऐकणे म्हणजे आज्ञापालन नव्हे.

आपल्या धर्मग्रामांत एक अडचण आणखी असते. कथेतील भांडखोर काकू कोण, हे ऐकणाऱ्या सर्वांना कळते. भंडारदऱ्यालाही तसेच झाले. एक-दोघे हसले, बाकीचे गप्प बसले. अशा वेळी बोलावे का? आम्हांस वाटते, जरूर बोलावे, परंतु बैठकीत नव्हे, लेखकाला एकट्याला गाठून. कारण हा कथेच्या बांधणीचा प्रश्न नाही. एका जिवंत बाईच्या अब्रूचा आहे, आणि कथा छापून आल्यावर तो कोणालाच सोडवता येणार नाही. नाव-गाव बदलायचे, की वही घेऊन काकूंच्याच ओट्यावर जाऊन बसायचे, हे मग लेखकाने पाहावे.