गळती कुणाची?

माझ्या बाची येझदी गळते. १९८४ सालची गाडी. बानं ती १९९८ साली जुनी घेतली आणि बा गेल्यावर ती माझ्याकडं आली. बानं शेत ठेवलं नाही, घर ठेवलं नाही. एक गाडी ठेवली, आणि ती उभी राहील तिथं जमिनीवर पडणारा काळा डाग ठेवला.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. बदली म्हणून लागलो, अजून बदलीच आहे. शाळा दहावीत सुटली. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर. तेव्हा तत्त्वज्ञानाची मोठी भाषा माझ्याकडं नाही. पण गेल्या पावसाळ्यात एका वायसरानं मला असा प्रश्न घातला की दिवसपाळी असून रात्री झोप येईना. तो प्रश्न तुमच्यापुढं ठेवतो.

बहिणीची नर्सिंगची फी भरायची होती. गाडी विकायची ठरली. गाडीत तीन गळत्या होत्या. पहिली, टाकीखालच्या पेट्रोल कॉकची. आतलं बूच वाळून आकसलेलं, थेंब थेंब पेट्रोल खाली. दुसरी, किकच्या दांड्याची. येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर, डाव्या बाजूला. तिथलं रबर कडक झालं की गिअरचं ऑइल पायतानावर. तिसरी गळती जमिनीवर दिसतच नाही. क्रँकचं डावं सील गेलं की इंजिन गिअरचं ऑइल आत ओढतं आणि जाळतं. मागं पांढरा धूर, आणि ऑइल मात्र कुठं सांडलेलं नाही.

दोष गाडीचा म्हणत नाही. रबराला वय असतं. चाळीस वर्षांत माणसाचे गुडघे जातात, ते तर रबर. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. २०२२ साली येझदी नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या, पण त्यांचं इंजिन वेगळं, त्यातलं काही जुन्या गाडीला बसत नाही. नाव परत येतं, वायसर परत येत नाही.

महिनाभर सुट्टीच्या दिवशी दुकानं हिंडलो. येझदीचं नाव काढलं की दुकानदार हसायचा. "आता कुठं मिळायलंय ते, भावा? भंगारात घाल." शेवटी गिरणीतल्या म्हाताऱ्या फिटरनं शिकवलं. म्हणाला, "नाव कशाला सांगतोस? माप सांग."

त्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. ऑइल सीलला तीन आकडे असतात : आतून दांडा किती, बाहेरून खोबण किती, जाडी किती. ओ-रिंगला दोन : आतला व्यास आणि दोऱ्याची जाडी. जुनं सील मापायचं नाही, ते झिजून खोटं बोलतं. दांडा मापायचा, खोबण मापायची. मग गाडीच्या दुकानात नाही, बेअरिंगच्या दुकानात जायचं. तिथं पंपाला, मोटरीला, ट्रॅक्टरला लागणाऱ्या सीलच्या ढिगात तुझ्या बाच्या गाडीचं सील पडलेलं असतं. त्याला जात नाही, गाव नाही, कंपनी नाही. माप जुळलं की बसलं.

रबर कसलं तेही विचारायचं. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. नायट्राइल ऑइलला टिकतं. पेट्रोलच्या जागी व्हिटॉन बरं, कारण २०२५ मध्ये देशभरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. तांब्याचं वायसर फेकायचं नाही. लाल तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ होतं. गॅस्केटचा कागद झाकणावर ठेवून कडेकडेनं हातोडीनं हलकं ठोकलं की आपोआप आकार कापला जातो. हे सगळं मी शिकलो. किकच्या दांड्याचं सील आणि कॉकचं वायसर मिळून पैसे लागले दोन वेळच्या जेवणाएवढे. पायपीट महिन्याची.

आमच्या रिंगफ्रेमवर ट्रॅव्हलर असतो. नखाएवढाही नाही, तारेचं वाकवलेलं कडं, वजन मिलिग्रॅममध्ये. रिंगवर तो गरगर फिरतो म्हणून सुताला पीळ बसतो. तो झिजला की धागा तुटत राहतो. अख्खी गिरणी अशा हजारो कड्यांवर उभी, आणि पाहुण्यांना साहेब दाखवतो ती मोठी मोटर. असो.

दोन गळत्या बंद झाल्या. तिसरी राहिली. क्रँकच्या सीलला इंजिन खोलावं लागतं, आणि तेवढे पैसे असते तर गाडी विकायला कशाला काढली असती?

मिस्त्री म्हणाला, "गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेव. ऑइल वरपर्यंत भर. धूर आला तर म्हण, टू-स्ट्रोक हाय, धूर येणारच. आणि सांध्याला एमसील लावून रंग मार. कोण बघतंय?"

खरं सांगतो, मी तयार होतो. माझ्या डोक्यानं मला तीन कारणं काढून दिली. एक, सगळेच असं करतात. दोन, घेणाऱ्याला डोळे आहेत, त्यानं बघून घ्यावं. तिसरं सगळ्यात पक्कं : आपल्याला आयुष्यभर लोकांनी गळकंच दिलं. गळकी खोली, गळकी शाळा, गळकी नोकरी. कुणी आधी सांगितलं होतं? मग प्रामाणिकपणाचा ठेका काय आम्हीच घेतलाय?

पहिल्या दोन कारणांना उत्तर सोपं आहे. सगळे करतात म्हणून बरोबर ठरत असतं, तर आजवर जे जे आपल्यावर झालं ते सगळं बरोबर ठरेल. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर ही तिसरी गळती डोळ्यांना दिसतच नाही. जे दिसत नाही ते बघायला सांगणं म्हणजे आंधळ्याला वाट विचारून वर हसणं.

तिसऱ्या कारणापाशी मात्र मी अडलो. त्यात खरेपणा आहे. ज्याला कायम फसवलं त्यानं एकदा फसवलं, तर त्याला काय तोंडानं बोलायचं?

मग गिऱ्हाईक आलं. माझ्याएवढाच पोरगा. पहाटे दूध घालतो, दिवसा एका कारखान्यात बदलीवर. पस्तीस हजार कबूल केले. गाडीवरून असा हात फिरवला, जशी म्हैस बघतोय. आणि मला उत्तर मिळालं. शौकीन लोक जुनी येझदी घेतात ती चकचकीत, जोडलेली, दाम मोजून. ही असली ठिगळाची गाडी कोण घेणार? माझ्यासारखाच, नाहीतर माझ्याहून खालचा. ज्यांनी मला गळकं दिलं त्यांच्या दारात माझी गळती कधीच पोचणार नाही. ऑइल वर चढत नाही, दोस्तांनो. ते खालीच ठिबकतं. मी सूड म्हणून जे दडवणार होतो, ते वरच्याच्या नाही, खालच्याच्या अंगावर पडणार होतं. म्हणजे मी त्यांच्याविरुद्ध काही करत नव्हतो. त्यांचंच काम पुढं ढकलत होतो, बिनपगारी.

एका कागदावर लिहून दिलं : कॉकचं वायसर नवं, दांड्याचं सील नवं, त्यांची मापं अशी अशी. क्रँकचं डावं सील गेलंय, ऑइल दर आठवड्याला बघ, पैसे आले की आधी ते कर. पोरानं दोनदा वाचलं. म्हणाला, "दादा, मग तीन हजार कमी करा."

केले. बहिणीची फी उसनवारीनं पुरी केली, ती अजून फेडतोय. मिस्त्री मला येडा म्हणतो. मला फार बरं वाटलं असंही खोटं सांगणार नाही. बाची गाडी दारातून गेली त्या रात्री तर काहीच बरं वाटलं नाही.

पण एक समजलं. झाकणं आणि दुरुस्त करणं यात फरक एमसीलचा नाही. गळती जिथं आहे तिथं तिचं नाव घेणं, ही अर्धी दुरुस्ती. बाकीची अर्धी पैशाची. पहिली अर्धी करायला पैसे लागत नाहीत, म्हणून ती आपल्याला टाळता येत नाही.

तो पोरगा कधीमधी गिरणीच्या गेटावर दिसतो. हात करतो. माझी नजर आधी गाडीच्या धुराकडं जाते. धूर अजून पांढराच आहे. पण तो कुठून येतो, हे त्याला ठाऊक आहे.