ओझे कोणी मोजायचे?

श्रमाचे गुण आपल्याकडे इतक्यांनी गायले आहेत की, विश्रांतीची बाजू घेणारा आळशीच ठरायचा. दिवाळीच्या चार निवांत दिवसांत तो ठपका पत्करायला हरकत नाही. दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याच्यावर किती कष्ट लादण्याचा आपल्याला अधिकार आहे?

मी पेठला शिक्षक आहे. आमच्या डोंगरात हा प्रश्न धावणाऱ्या मुलींमुळे उभा राहिला. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. लांबून पाणी वाहून आणणाऱ्या मुलीचे पाय जग जिंकू शकतात, हे पाड्यापाड्यांवर कळले. पण लोकांनी सोपा अर्थ काढला: कष्टाने माणूस घडतो, तर कष्ट दुप्पट करा.

हे अर्धेच खरे आहे. व्यायामाने शरीर आधी झिजते; घडते ते नंतर, जेवणात आणि झोपेत. शरीर ताणाला तोंड कसे देते, हे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली मांडले. आधी ते दचकते, मग झुंजते, आणि ताण सरलाच नाही तर शेवटी थकते. मूत्रपिंडांवरच्या इवल्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि झुंजीसाठी साखर पुरवते. ते काही वैरी नव्हे. पण झुंज रोजचीच झाली की गणित बिघडते. झोप मोडते, चिडचिड वाढते, धाव मंदावते. शिकवणाऱ्याला वाटते, पोर अंग चोरते आहे. तो आणखी पळवतो! रक्ताची अशी एकही तपासणी नाही, की जी हा थकवा नेमका सांगेल. पोटाला पुरेसे न मिळता पळणाऱ्या मुलींची मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नावच दिले.

माझ्या मते खरी गोम पुढेच आहे. मैदानावरचे ओझे वेगळे आणि घरचे वेगळे, असा हिशेब शरीर ठेवत नाही. उन्हाळ्यातले हंडे, पावसातली भाताची आवणी, परीक्षेची धास्ती, घरातले भांडण, सगळे एकाच खात्यावर चढते. आमचा शेतकरी वरकस जमिनीत नागली, वरई घेतो आणि मग ती काही वर्षे पडीक ठेवतो, ही जुनी रीत. त्या जमिनीला कोणी आळशी म्हणत नाही.

कोणी म्हणेल, विसावा हे श्रीमंतांचे कौतुक. गरिबाच्या मुलीला पाणी कोण भरून देणार? आक्षेप खोटा नाही. ओझ्यावाचून बळ येत नाही, हेही मला मान्य आहे. पण घरचा हंडा उतरवता येत नसेल, तर मैदानावरची फेरी कमी करणे तरी शिट्टी हातात असलेल्याला शक्य असते. ओझे देण्याचा अधिकार त्यालाच, जो आधीचे ओझे मोजतो.

तुमच्या घरीही सुट्टीच्या शिकवणीला निघालेले एखादे लेकरू असेल. त्याला गुण विचारण्याआधी विचारा: बाळा, रात्री झोप लागली का?