शेवटच्या वर्षाचे देणे

उत्तर कानडा जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील एखाद्या कुणबी वाडीतून येऊन दांडेलीच्या महाविद्यालयात विज्ञानाच्या अंतिम वर्षास बसलेला, रोज सकाळी अभ्यासापूर्वी गणेशगुडीच्या रस्त्याने लांबवर धावणारा, आणि पुढील आयुष्य कचेरीच्या चार भिंतींत न घालवता अरण्यातच वेचावे अशी आकांक्षा धरणारा तरुण या भागात विरळा नाही. तरुणीही आता दिसू लागल्या आहेत. अशा विद्यार्थ्याला आपण सारे एकच उपदेश करतो: वेळापत्रक कर, तासांची नीट वाटणी कर, म्हणजे सर्व साधेल. हा उपदेश सद्भावनेचा असला तरी अपुरा आहे, असे मला वाटते. त्याच्या एकेका तासावर कोणाचा किती हक्क आहे, हे ठरल्यावाचून तासांची वाटणी करता येत नाही. आणि हा हक्काचा प्रश्न घड्याळ सोडवीत नाही.

त्याच्या पदवीवर घराचा हक्क आहे, हे उघड आहे. मुडलीचे कंद, नाचणी आणि थोडेसे भात यांवर चालणाऱ्या संसारातून एका मुलाला तीन वर्षे शेतकामातून मोकळे ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांना दरमहा पगार मिळतो त्यांना सहसा येत नाही. अशा घरातील वडिलांना मुलाचे धावणे हा रिकामपणाचा उद्योग वाटला, तर त्यांना अडाणी ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु धावण्याचा पक्ष मांडणारे लोकही त्याची थोरवी पटवताना भरतीचा दाखला देतात: पोलीस, लष्कर, वनखाते, सर्वत्र शारीरिक चाचणी असते, तेव्हा धावलास तर नोकरी लागेल. येथे मला थांबावेसे वाटते. केवळ पायांच्या भरवशावर जंगलातल्या मुलांना पुढे नेण्याचा एक प्रयोग याच जिल्ह्यात होऊन गेलेला आहे.

1987 च्या सुमारास, मार्गारेट अल्वा केंद्रात क्रीडाखात्याच्या राज्यमंत्री असताना, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजनेखाली हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या बाजूच्या सिद्दी मुलामुलींची निवड केली आणि त्यांना घरापासून दूर प्रशिक्षण केंद्रांत नेले. निवडीमागील तर्क असा होता, की सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, तेव्हा धावणे यांच्या रक्तातच असणार. काही मुलांनी राष्ट्रीय स्तरावर आणि देशाबाहेरही पदके मिळवली, हे खरे आहे आणि ते अभिमानाने सांगितले पाहिजे. पण 1990 च्या दशकात ती योजना गुंडाळली गेली. ज्यांना रेल्वे किंवा तत्सम खात्यात चाकरी मिळाली ते सावरले, आणि ज्यांना मिळाली नाही ते पुन्हा मोलमजुरीकडे वळले. येथल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, 2003 साली. एखाद्या समाजाकडे पाहताना त्याच्या शरीराची पारख करावी आणि बुद्धीची चौकशीही करू नये, यात मला गंभीर अन्याय दिसतो. योजना यशस्वी झाली असती तरी तो अन्यायच राहिला असता. ज्याच्याजवळ केवळ पाय आहेत, त्याचे भवितव्य कोण्या दूरच्या दप्तरातील एका हुकुमावर अवलंबून राहते.

याउलट बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेचे उदाहरण पाहावे. बारावीनंतर तो सैन्यात दाखल झाला, महार रेजिमेंटमधून सियाचीनच्या बर्फात तैनात राहिला, आणि शर्यतीच्या धावण्याकडे वळला तो 2015 मध्ये, म्हणजे पोटाची चिंता मिटल्यानंतर. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत पुरी करून रौप्यपदक मिळवले, आणि सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली आणि पुढे महाराष्ट्राच्या महसूल खात्यात अधिकारी झाली. दोघांची थोरवी वादातीत आहे. तथापि धावण्याच्या पाठीशी दुसरा काही आधार असला, की धावणे अधिक निर्भय होते, एवढेच मी त्यांच्या चरित्रांतून घेतो. सामान्य विद्यार्थ्यापाशी रेजिमेंट नसते. त्याच्यापाशी पदवी असते.

आता अरण्याविषयी, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतीय वनसेवेच्या नियमांत एक जुनी चाचणी अद्याप टिकून आहे: पुरुष उमेदवाराने 25 किलोमीटर आणि स्त्री उमेदवाराने 14 किलोमीटर अंतर चार तासांत पायी चालून दाखवायचे. जोयड्याच्या मुलाला ही अट कठीण जाणार नाही. पण त्या चालण्याची पाळी येण्यापूर्वी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित अशा विषयांपैकी एकाची तरी पदवी, किंवा कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची पदवी, आणि तीन पायऱ्यांची परीक्षा ओलांडावी लागते. पायांनी दार उघडेल असे ज्याला वाटत होते, त्याला पायांची कसोटी अगदी शेवटी लागते.

तरीही पात्रतेचा हा हिशेब मला पुरेसा वाटत नाही, कारण या तालुक्यात वनाधिकारी होणे ही इतर नोकऱ्यांसारखी नोकरी नव्हे. उत्तर कानडा 1862 मध्ये मुंबई इलाख्यास जोडले गेले, आणि त्या शतकात येथल्या कुणब्यांची कुमरी, म्हणजे जंगल तोडून, राब जाळून केलेली फिरती शेती, सरकारी निर्बंधांनी आक्रसत गेली. 1878 च्या कायद्याने राखीव रानांची व्यवस्था आणखी घट्ट केली. काळी नदीवर 101 मीटर उंचीचे धरण झाले आणि सुपे गाव पाण्याखाली गेले. अनेक कुटुंबे रामनगरला येऊन वसली. 1987 मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, 2007 मध्ये व्याघ्रप्रकल्प आला आणि 2015 पासून त्यास काळी व्याघ्रप्रकल्प हे नाव मिळाले. गाभ्यातील वाड्यांपुढे आज स्वेच्छा-पुनर्वसनाचा प्रस्ताव आहे. त्याची रक्कम 2021 मध्ये कुटुंबामागे दहा लाखांवरून पंधरा लाख करण्यात आली. पदवीच्या वर्षात असलेला हा मुलगा उद्या खाकी वर्दी चढवील, तेव्हा तो प्रस्ताव घेऊन कदाचित त्याच्याच मामाच्या अंगणात त्याला जावे लागेल. वाघाला निर्वेध रान हवे हे त्याला शास्त्राने ठाऊक असेल, आणि आजोबांनी कुमरीपायी भोगलेला जाच त्याला घरातून ठाऊक असेल. या दोहोंपैकी एकही विसरला तर तो वाईट अधिकारी होईल. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला काय दिले आहे, कोणते दावे प्रलंबित आहेत, गवा आणि शेत यांचा संबंध काय, हे समजण्याइतका अभ्यास त्याने केला नसेल, तर कितीही कणखर पाय त्याला त्या अंगणात उभे राहण्याचे बळ देणार नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा, की या एका वर्षात अग्रमान अभ्यासाला द्यावा. धावणे मात्र सोडू नये. लांब पल्ल्याचे धावणे महिनोन्‌महिने जमवलेल्या दमावर उभे असते. ते पुरते टाकले तर दम ओसरतो, आणि थोडे जरी नेमाने राखले तरी बराच टिकतो. परीक्षेच्या महिन्यांत शर्यतीची तयारी थांबवून आठवड्यातून तीन दिवस संथ धावावे, मृगापासून रस्ते निसरडे आणि दाट धुक्याचे होतात तेव्हा आणखी आवरते घ्यावे, आणि उजाडण्यापूर्वी तर या रानात एकट्याने धावूच नये, कारण त्या वेळी रस्ता गव्यांचा आणि हत्तींचा असतो. त्या धावण्याला भरतीचा हिशेब मात्र चिकटवू नये. ज्या रानाची नोकरी करायची, ते रान कोणत्याही पदाशिवाय, कोणत्याही अधिकाराशिवाय ओळखण्याची संधी या वयानंतर पुन्हा सहजी येत नाही.

वडिलांना हे पटवून देण्याचे काम एकट्या मुलावर टाकू नये. त्याच्या प्राध्यापकांपैकी कोणी एकदा वाडीवर जावे, अंगणात बसून वनसेवेचे नियम, परीक्षेच्या तारखा आणि पदवीनंतरची वर्षे त्या घराला त्याच्या बोलीत समजावून सांगावीत, आणि मुलाला शेताच्या कामासाठी कोणत्या आठवड्यांत घरी यावे लागेल हेही विचारून घ्यावे. वेळापत्रक करायचेच असेल तर ते त्यानंतर करता येईल.