कैद्यांची मोजदाद

माझे वडील आम्हां भावंडांना व्यवहाराचे दोनतीन नियम नेहमी सांगत. त्यांतला एक असा, की कोणाला कधी जामीन राहू नये. बाकीचे नियम मी यथावकाश मोडले. हा एक मात्र पाळला, आणि पाळला म्हणूनच गेली तीस वर्षे तो मला सलतो आहे.

गोष्ट अगदी साधी. आमच्या घराला रंग देणारा एक रंगारी होता. दुसऱ्या कोणाच्या घरातून दागिना गेला आणि संशय त्याच्यावर आला. न्यायालयाने जामीन मंजूर केला. पण ऐपतदार जामीनदार आणायचा कुठून? एके संध्याकाळी त्याची बायको दाराशी आली. म्हणाली, “सर, तुमच्या गावच्या जमिनीचा सातबारा आणि एक सही, एवढंच पाहिजे.” मी म्हणालो, “बघू.” आपल्याकडे ‘बघू’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. ती पुन्हा आली नाही. आठ महिन्यांनी तो निर्दोष सुटला.

ही जुनी आठवण वर येण्याचे कारण असे, की निवृत्तीनंतर मला निरनिराळ्या देशांतील कैद्यांचे आकडे पाहण्याचा नाद लागला. एखाद्या देशात किती माणसे गजांआड असावीत, हे ठरवते कोण? आपली सर्वसाधारण समजूत अशी, की ते गुन्हेच ठरवतात. ताप वाढला की पारा चढतो, तसे गुन्हे वाढले की कैदी वाढतात. मीही तेच समजत होतो. पण आकडे शेजारी शेजारी मांडले आणि ही समजूत डळमळू लागली.

फिनलंडचे पाहा. १९५०च्या सुमारास तेथे दर लाख वस्तीमागे सुमारे १८७ कैदी होते. शेजारच्या स्वीडनमध्ये आणि नॉर्वेत हे प्रमाण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. फिनिश लोक तिप्पट दुष्ट होते काय? मुळीच नाही. तेथील कायदेपंडितांना आणि अधिकाऱ्यांना या आकड्याची लाज वाटू लागली. त्यांनी चोरीच्या शिक्षा कमी केल्या आणि दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांना सशर्त शिक्षा देण्यास सुरुवात केली. १९९०च्या दशकापर्यंत प्रमाण साठाच्या आसपास उतरले. या काळात तेथील गुन्ह्यांची रेषा शेजाऱ्यांच्या रेषेबरोबरच चढली आणि उतरली. कैदी एकतृतीयांश झाले म्हणून देश बुडाला नाही.

अमेरिकेत याच्या उलट घडले. शिक्षा होऊन राज्यांच्या व केंद्राच्या तुरुंगांत असलेल्यांचे प्रमाण १९७२ साली लाखामागे शंभराच्या आत होते. २००८च्या सुमारास ते पाचशेच्या वर गेले; स्थानिक कोठड्यांतली माणसे धरली, तर साडेसातशेच्या वर. १९९०नंतर तेथे गुन्हे घटले, तेव्हा ‘पाहा, तुरुंगांचा गुण आला’ असे अनेकांनी म्हटले. पण सीमेपलीकडच्या कॅनडात कैद्यांचे प्रमाण शंभराच्या आगेमागेच राहिले होते, आणि गुन्हे तेथेही त्याच सुमारास घटले.

हॉलंडची कथा तर दोन्ही बाजूंनी बोलते. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथे लाखामागे वीसच्या आसपास कैदी होते. जर्मन अंमलात तेथील पुष्कळ प्रतिष्ठित मंडळींनी स्वतः तुरुंग भोगला होता, म्हणून युद्धानंतर त्यांचा हात शिक्षेला जड झाला, असे काहीजण सांगतात. मला ते पटते. पुढे ती पिढी गेली आणि २००५च्या सुमारास प्रमाण सव्वाशेपर्यंत चढले. नंतर ते पुन्हा इतके उतरले, की रिकाम्या कोठड्या २०१०पासून बेल्जियमला आणि २०१५पासून नॉर्वेला काही वर्षे भाड्याने देण्यात आल्या.

तेव्हा कैद्यांचा आकडा गुन्हेगारांच्या दुष्टपणाइतकाच बाहेरच्यांच्या मनाचाही पारा दाखवतो. मात्र इथे एक अडचण आहे, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. एल साल्वादोरमध्ये मार्च २०२२मध्ये आणीबाणी पुकारून सरकारने सरसकट धरपकड केली. कैद्यांचे प्रमाण लाखामागे हजाराच्या वर, म्हणजे जगात सर्वाधिक, झाले. खूनही खरोखरच फार घटले. टोळ्यांच्या भयाखाली जगलेल्या आईला मी फिनलंडचे आकडे कोणत्या तोंडाने सांगू? पण पकडलेल्यांपैकी काही हजार निरपराध होते व त्यांना सोडावे लागले, हे तेथील सरकारनेच मान्य केले आहे. त्यांचीही आई असणारच. माझ्या निर्धास्त झोपेची किंमत दुसऱ्या निरपराध माणसाने कोठडीत भरावी, आणि मी ती झोप निवांत घ्यावी, हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपले प्रमाण लाखामागे चाळीसच्या आसपास. म्हणजे जगाच्या मानाने आपण सौम्य. हे वाचून प्रथम मला अभिमान वाटला. मग खालची ओळ वाचली. २०२२च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा दोष अजून ठरायचाच आहे असे. आणि साऱ्या तुरुंगांतली जागा होती ४,३६,२६६ माणसांची. शिक्षा झालेला प्रत्येक कैदी त्या दिवशी सोडून दिला असता, तरी आपले तुरुंग जवळजवळ भरलेलेच राहिले असते!

इंग्लंडात जॉन हॉवर्ड हा गृहस्थ १७७३ साली बेडफर्डशरचा शेरीफ झाला. निर्दोष ठरलेली माणसेही तुरुंगाधिकाऱ्याची फी देता येत नाही म्हणून आत खितपत पडलेली त्याने पाहिली. तो अस्वस्थ झाला, देशोदेशींचे तुरुंग पाहत हिंडला आणि १७७७ साली त्याने त्यांवर ग्रंथ छापला. देशादेशांची ही तुलना सुरू झाली ती अशी, एका माणसाच्या अस्वस्थतेतून. आपल्याकडे १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारमधले जे कच्चे कैदी सर्वोच्च न्यायालयापुढे आले, त्यांतले काही तर गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ आत होते. त्यानंतर कायदे सुधारले. तरीही जामीन मिळून जामीनदार न मिळाल्यामुळे माणूस आत राहतो, हे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा लक्षात घ्यावे लागले.

मी समजत होतो, की हे आकडे सरकारे घडवतात. घडवतातच, पण सगळे नाही. शिपाई, फौजदार, वकील, न्यायाधीश, आणि दाराशी आलेल्या बाईला ‘बघू’ म्हणणारा प्राध्यापक, अशा असंख्य माणसांच्या लहान लहान निर्णयांची ती बेरीज असते. त्या वर्षीच्या बेरजेत एक माझा होता.

पुढच्या दिवाळीच्या आधी तो रंगारी आला. नमस्कार करून त्याने विचारले, “सर, यंदा कोणता रंग?” मी रंग सांगितला. आणखी काही सांगायचे होते, ते राहिले.

गावची जमीन अजून माझ्या नावावर आहे. गेल्या महिन्यात नवा सातबारा काढून आणला, ऐपतीच्या दाखल्यासाठी अर्ज केला, आणि ओळखीच्या एका वकिलांना कळवून ठेवले, की कोणाला अडले असेल तर माझ्याकडे पाठवा. वडील असते तर रागावले असते. पण त्यांनाही मी हे आकडे दाखवले असते.