तसलमातीतला एक डॉलर

यज्ञ हा राजेरजवाड्यांचा आणि धनवंतांचा धर्म असून ज्याच्यापाशी सामग्री नाही, मनुष्यबळ नाही आणि गाठीला द्रव्यही नाही अशा दरिद्री माणसालाही जे साधते आणि यज्ञाहून श्रेष्ठ फळ देते ते तीर्थगमन होय, असे वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांस सांगतात. काटकसरीच्या प्रवासास शास्त्राचीच संमती आहे अशी पत्नीची, आणि तिच्याहून अधिक स्वतःची, समजूत घालून कोषागारातील 34 वर्षांच्या नोकरीनंतर मी तिला कंबोडियातील अंकोरला घेऊन निघालो तो याच वचनाच्या आधारावर. अंकोर हे काही आमचे तीर्थक्षेत्र नव्हे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी उभारलेले, पुढे बौद्धांचे झालेले आणि आज देशोदेशीच्या प्रवाशांनी गजबजलेले ते देवालय पाहावयास जाणारा मनुष्य यात्रेकरू की नुसता बघ्या, हा प्रश्न मला सामान बांधतानाच छळू लागला होता. आमच्या धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी अशा प्रश्नांची उत्तरे चक्क अपूर्णांकांत देऊन ठेवली आहेत: दुसऱ्यासाठी म्हणून जाणाऱ्यास फळाचा सोळावा हिस्सा, अन्य कामाच्या ओघात ज्याला तीर्थ घडले त्यास निम्मे. पण कसलेच काम नसताना केवळ डोळ्यांच्या हौसेखातर गेलेल्याच्या नावे किती जमा धरावे, याविषयी ते मूक आहेत.

खर्चाचे कोष्टक मी घरीच आखले होते. बँकॉकहून सरहद्दीपर्यंत आगगाडीचा तिसरा वर्ग, तिकीट 50 बाटच्या आत, बाके कठीण, खिडक्या उघड्या, आणि सहा तासांची धूळ. सरहद्दीजवळच्या स्थानकाचे नाव अरण्यप्रथेत, म्हणजे आपला अरण्यप्रदेशच. अंकोर हा शब्दही ‘नगर’ याचाच अपभ्रंश, हे मी हिला उत्साहाने सांगितले तेव्हा ती पदराने चष्मा पुसत होती. त्या वेळी सरहद्द उघडी होती. पलीकडे गेल्यावर ज्या गाडीवाल्याने मुक्कामाच्या दारात सोडण्याचे कबूल करून पैसे घेतले होते, त्याने रात्री अंकोरशेजारच्या गावाबाहेर उतरवून दिले. उतारूगृहाची खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर भिंत होती. आणि तिथल्या मालकाने माझी वीस डॉलरची नोट, तिच्या कोपऱ्याला नखाएवढी चीर आहे म्हणून, दोन बोटांत धरून परत केली. तिथे व्यवहार डॉलरमध्ये चालतो आणि डॉलरखालची मोड रिएलमध्ये मिळते, साधारण 4,000 रिएलांना एक डॉलर, त्यामुळे माझ्या वहीत एकाच दिवसाच्या नोंदी दोन चलनांत होऊ लागल्या.

तीन दिवसांचे प्रवेशपत्र माणशी 62 डॉलर, आणि त्यावर आपली छबी. “चाळीस वर्षं पंढरीला जातेय, विठोबाने कधी माझा फोटो मागितला नाही हो,” ही म्हणाली. पहिल्या पहाटे त्या मोठ्या देवळापुढच्या कमळांच्या तळ्याकाठी हजारभर माणसे फोन उंचावून सूर्योदयाची वाट पाहत उभी असता आभाळ भरून आले, आणि सूर्य उगवला असावा हे केवळ अनुमान प्रमाणाने मान्य करून सर्वजण न्याहारीला पांगले.

दुसऱ्या दिवशी ता प्रोम पाहिले. सातव्या जयवर्म्याने 1186 मध्ये आपल्या मातेच्या स्मरणार्थ, तिला प्रज्ञापारमितेच्या रूपात कल्पून, स्थापिलेला हा विहार आज अजस्र वृक्षांच्या मुळ्यांच्या विळख्यात उभा आहे. पण मला, जन्मभर दफ्तरात बसलेल्या माणसाला, वृक्षांहून त्याच्या शिलालेखाने अधिक गुंगवले. विहाराच्या सेवेस 3,140 गावे आणि 79,365 माणसे लावून दिली होती, त्यांत 615 नर्तकी होत्या, भांडारात 40,620 मोती होते आणि 523 छत्रे होती, असा मोत्यामोत्याचा मेळ घातलेला तो दस्तऐवज. आणि शेवटी, या पुण्याईने माझी माता भवसागरातून तरून जावो, अशी प्रार्थना. एवढ्या काटेकोर जमेपुढे खर्चाच्या बाजूला एकच रक्कम, आणि ती हयात नसलेल्या आईच्या नावे! मोती गेले, छत्रे गेली, गावांची नावे पुसली, जमाखर्च तेवढा शिल्लक राहिला. मी हे सारे हिला समजावून देत होतो आणि भर दुपारी तिला तहान लागली होती. शहाळेवाली एक डॉलर मागत होती. गावात ते निम्म्याने मिळते हे मला ठाऊक असल्याने मी घासाघीस केली, ती बाई हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली, आणि ही एक शब्दही न बोलता रिक्षात जाऊन बसली. तो अबोला रात्रीही सुटला नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा मोठ्या देवळात गेलो. तिथल्या भिंतींवरील शिल्पपट डावा हात भिंतीकडे ठेवून, म्हणजे अपसव्य, पाहावयाचे असतात, आणि देवालय पश्चिमाभिमुख आहे. या दोन्हींवरून ते राजाचे अंत्यस्मारक असावे असे विद्वानांनी अनुमानिले आहे. हिला ते सांगून उपयोग नव्हता. देवाला उजवी घालूनच ती चालली आणि मी मागोमाग, त्यामुळे समुद्रमंथनाच्या त्या जवळजवळ पन्नास मीटर लांबीच्या पटाकडे आम्ही उलट्या टोकाने आलो, आणि तिथून वळसा घेऊन थेट नरकात पोहोचलो. तिथे रेड्यावर आरूढ झालेला अनेकबाहू यम आहे, धर्म आहे, चित्रगुप्त आहे. 37 स्वर्ग आणि 32 नरक आहेत, नरकांची अवीची, वैतरणी, कूटशाल्मली अशी आपल्या ओळखीची नावे कोरलेली आहेत. स्वर्ग सगळे एकसारखे, त्याच त्या महालांत तीच ती स्वस्थ बसलेली माणसे; शिल्पकाराची सारी प्रतिभा नरकांवर खर्ची पडली आहे. मी चित्रगुप्तासमोर बराच वेळ उभा राहिलो. पुण्याचा जमाखर्च ही कल्पना संतांनी कितीही हिणवली तरी मला ती सर्वस्वी टाकाऊ वाटत नाही. ज्याने कठीण बाकावर सहा तास काढले त्याला त्याची नोंद कुठे तरी होत असेल असे वाटणे यात गैर ते काय? पण त्याच पुलस्त्यांनी अटही घातली आहे: ज्याचे हात, पाय आणि मन स्वाधीन आहे, जे मिळाले त्यात जो संतुष्ट आहे, त्यालाच तीर्थफळ. माझे हात पाकिटावर होते आणि मन विनिमयाच्या दरात.

बाहेर पडताना पश्चिम गोपुरात उभी मूर्ती लागते. उंच, अष्टभुज, मूळची विष्णूची. अंगावर भगवे वस्त्र, पुढ्यात उदबत्त्यांचा धूर. ख्मेर लोक तिला ता रीच म्हणतात, म्हणजे राजा आजोबा, आणि नवस बोलतात. ही थांबली.

“ओळखलंत का?” कालपासूनचे पहिले वाक्य. “आठ हात आहेत बघा याला. आपल्याकडे दोनच, तेही कमरेवर.”

तिने चपला काढल्या. शेजारी बसलेल्या एका वृद्धेने सरकून जागा दिली आणि आपल्या हातातल्या उदबत्त्यांपैकी तीन तिला दिल्या. एकीला आजोबा दिसत होते, दुसरीला पांडुरंग, आणि त्या देवळातला अधिकृत देव बुद्ध दोघींच्याही ध्यानी नव्हता. हिने कनवटीतून एक डॉलर काढून पेटीत टाकला; मला विचारले नाही. मी जोडे हातात घेऊन खांबाशी उभा होतो आणि तेवढा वेळ, हे कबूल करावयास मला संकोच वाटतो, किंमत विचारावी असे काहीच माझ्या मनात नव्हते.

रात्री वही उघडल्यावर मात्र जुनी सवय उफाळून आली. “अगं, तो डॉलर कोणत्या खात्यावर घालू? धर्मादाय की प्रवासखर्च?”

“ज्या खात्यावर कालचं शहाळं घालणार होतात ना,” ती कूस बदलत म्हणाली, “त्याच्यावर.”

असे खाते माझ्या वहीत नव्हते. ज्या रकमेचे खाते ठरलेले नाही ती तसलमातीत ठेवावयाची आणि मार्चअखेर तिचा निकाल लावावयाचा, असा कोषागाराचा दंडक आहे. तो मार्च गेला, त्यानंतरचाही गेला. नवी वही घातली की पहिल्या पानावर ती रक्कम मी पुढे ओढतो.