प्रवासाला कोणतं घड्याळ न्यावं?

२७ डिसेंबर १८३१ रोजी इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदरातून ‘बीगल’ नावाचं जहाज जगाच्या फेरीला निघालं. तरुण चार्ल्स डार्विन त्यावर होता, म्हणून ते आपल्या ओळखीचं. कप्तान फिट्झरॉयचा जीव मात्र जहाजावरच्या दुसऱ्याच एका गोष्टीत अडकलेला होता. त्याच्याबरोबर २२ घड्याळं होती. लाटांचे हेलकावे आणि माणसांच्या पावलांचे हादरे लागू नयेत म्हणून ती पेट्यांमध्ये, लाकडाच्या भुशात बसवली होती. त्यांची देखभाल करायला फिट्झरॉयनं स्वतःच्या खिशातून पगार देऊन एक कारागीर बरोबर घेतला होता.

इतकी घड्याळं कशाला? तर समुद्रावर आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत, हे त्या काळी मुख्यतः घड्याळावरून काढत. सूर्य माथ्यावर आला की जहाजावर दुपारचे बारा. त्याच क्षणी ग्रिनिचला किती वाजले आहेत ते घड्याळात पाहायचं आणि दोन वेळांमधल्या फरकावरून रेखांश काढायचा. चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश. विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. घड्याळ एकच मिनिट चुकलं तरी जहाज नकाशावर जवळजवळ २८ किलोमीटर चुकणार, आणि एखाद्या खडकावर आदळायला तेवढी चूक पुष्कळ झाली. जगभरच्या बंदरांचे रेखांश मोजणं हे बीगलच्या मुख्य कामांपैकी एक होतं. १८३६ साली जहाज परतलं तेव्हा त्यातली निम्मी घड्याळं चालू स्थितीत होती. त्यांच्या आधारानं पृथ्वीला पूर्ण वळसा घालून केलेल्या मोजणीची बेरीज बरोबर २४ तास यायला हवी होती; ती फक्त ३३ सेकंद जास्त भरली. हलत्या जहाजावर, पाच वर्षांच्या प्रवासात! मला हे माणसाच्या हातून झालेल्या अतिशय सुंदर कामांपैकी एक वाटतं.

दर्यावर्दी लोकांमध्ये एक जुना सल्ला चालत आला आहे. समुद्रावर जाताना घड्याळ एक न्यावं किंवा तीन न्यावीत, दोन कधीही नेऊ नयेत. तीन असली आणि एक बिघडलं, तर उरलेली दोन त्याची चूक दाखवून देतात. एकच असलं तर निदान मनाची ओढाताण होत नाही. पण दोनच असतील आणि दोघांत फरक पडला, तर खरं कोण बोलतंय हे कसं ठरवायचं?

आज हे सांगायचं कारण असं की, सुट्ट्यांचे दिवस आले की घराघरांत बॅगा भरल्या जातात आणि हल्ली बहुतेकांकडे एकाहून जास्त घड्याळं असतात. लग्नात मिळालेलं एक, मुलानं घेऊन दिलेलं एक, रोजच्या वापरातलं एक, शिवाय वडिलांचं जपून ठेवलेलं एक. यातलं कोणतं न्यायचं, हा प्रश्न छोटा वाटतो, आणि मग अगदी निघायच्या घाईत जे हाताला लागेल ते आपण मनगटावर चढवतो. माझं म्हणणं इतकंच आहे की, घड्याळ निवडण्याआधी थोडा विचार करावा. या प्रवासात आपण त्या घड्याळाला काय विचारणार आहोत? फिट्झरॉयला हे पक्कं ठाऊक होतं. तो त्याला विचारत होता, ‘मी कुठे आहे?’

डोंगरात जाणारा माणूस विचारतो, ‘उजेड किती उरलाय?’ नोव्हेंबर-डिसेंबरात सह्याद्रीत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि दरीच्या बाजूला सावली त्याच्या कितीतरी आधी उतरते. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर कोकणकड्याशी बसलं की वेळेचं भान राहत नाही, आणि राहूही नये. पण खाली उतरायला अमुक तास लागतात, म्हणून अमुक वाजता उठायचंच, हा हिशोब कुणीतरी ठेवावा लागतो. मोबाइल आहे की, असं आपण म्हणतो. मोबाइलची बॅटरी फोटो काढण्यात आणि रेंज शोधण्यात दुपारीच निम्मी होते. अशा वाटेवर सेलवर चालणारं, हलकं, काट्यांना रेडियम असलेलं साधं घड्याळ न्यावं. कातळावर आपटलं तर त्याच्या काचेवर चरा उठेल, आपल्या काळजावर नाही.

सेलच्या घड्याळाची बाजू मी मुद्दाम घेतो आहे. जपानच्या सेइको कंपनीनं १९६९ च्या नाताळात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. आज आपल्या साध्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि त्यामुळे महिनाभरात त्याची चूक काही सेकंदांपलीकडे सहसा जात नाही. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळात तेवढा फरक एखाद्या दिवसातच पडू शकतो. शिवाय ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं. बॅगेत ठेवलं तर बहुतेक घड्याळं दीड-दोन दिवसांत थांबतात. म्हणून प्रवासात दोन ऑटोमॅटिक घड्याळं आलटून पालटून घालायची म्हटली, की बाजूला ठेवलेलं बऱ्याचदा बंद पडलेलं सापडतं आणि त्याची वेळ, तारीख जुळवत बसावं लागतं.

कोकणात किंवा गोव्याला जाणारा माणूस घड्याळाला वेगळंच काही विचारत असतो, ‘तू पाण्यात टिकशील का?’ इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. घड्याळाच्या मागच्या बाजूला ‘३० मीटर’ असं कोरलेलं असतं. ते वाचून माणसं निर्धास्तपणे समुद्रात उतरतात. पण ते ३० मीटर प्रयोगशाळेतल्या दाबाचे असतात. प्रत्यक्षात अशा घड्याळावर हात धुताना पाणी उडालं, पावसाची सर आली, तर चालेल, इतकाच त्याचा अर्थ. पोहायचं असेल तर १०० मीटरचं बरं, आणि तारकर्लीला स्कूबासाठी खाली जायचं असेल तर २०० मीटरचं, त्या कामासाठीच बनवलेलं घड्याळ हवं. गरम पाण्याच्या शॉवरखालीही घड्याळ नेऊ नये. आतली रबराची वॉशर तापमानानं सैल पडत जाते आणि वाफ जिथे पाणी शिरत नाही तिथेही शिरते.

पावसाळा संपता संपता घड्याळ दुरुस्तीच्या एखाद्या दुकानात थोडा वेळ उभं राहून बघा. डोळ्याला भिंग लावलेला कारागीर मागचं झाकण उघडतो आणि आत चावीच्या दांडीवर तांबूस गंज चढलेला दिसतो. केसापेक्षा बारीक स्प्रिंगवर मिठाचा पांढरा कण बसलेला असतो. गिऱ्हाईक सांगत असतं, ‘अहो, फक्त एकदाच गेलं होतं पाण्यात.’ खाऱ्या पाण्याला एकदा पुरतं. समुद्रावरून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याखाली धरून पुसायचं, हे अर्ध्या मिनिटाचं काम घड्याळाचं आयुष्य कितीतरी वाढवतं. आणि जून ते सप्टेंबर कोकणात चामड्याचा पट्टा नेऊच नये. तो ओला होतो, दमट हवेत वाळत नाही, त्याला बुरशी धरते आणि मनगटाला वास येत राहतो. नायलॉनचा किंवा रबराचा पट्टा दोन-चारशे रुपयांत बदलून मिळतो.

काही प्रवास असेही आहेत, जिथे घड्याळ घरी ठेवलं तरी काही अडत नाही. आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीबरोबर चालताना मुक्काम हलतो तो कर्ण्यावर. पहिला कर्णा झाला की सामान आवरायचं, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी निघते. हजारो माणसं त्या एका आवाजावर चालतात. असा प्रवास ज्यानं केला असेल, त्यानं मनगट मोकळं ठेवून पाहिलेलं असतं.

आता वडिलांच्या घड्याळाविषयी. आपल्याकडे पुष्कळ घरांत ते एचएमटीचं असतं. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, आणि जनता, कांचन, पायलट, कोहिनूर ही नावं घरोघरी पोचली. नोकरी लागली की पहिल्या पगारात एचएमटी, जावयाला एचएमटी, निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर एचएमटी. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली. म्हणून या घड्याळाचा एखादा भाग तुटला, तर तसाच दुसरा मिळेल याची खात्री देता येत नाही. विमानतळावरच्या ट्रेमध्ये, हॉटेलच्या बेसिनवर, समुद्रकाठी ठेवलेल्या चपलेत असं घड्याळ ठेवू नये. पण आपल्या मूळ गावी जाताना मात्र मी म्हणेन, तेच घाला. तिथे कुणीतरी म्हातारं माणूस आपला हात हातात घेऊन घड्याळाकडे बघतं आणि म्हणतं, ‘हे अण्णांचं ना?’ ते ओळखणारे डोळे शहरात कुठून मिळणार? ज्यांनी अण्णांच्या मनगटावर ते पाहिलं आहे, ती माणसं असेपर्यंत त्यांच्यापुढे ते घेऊन जायलाच हवं.

महागडं घड्याळ परदेशी न्यायचं असेल, तर जाताना विमानतळावर कस्टमकडे दाखवून तसं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घेता येतं. म्हणजे परतताना ते तिकडे घेतलं असं समजून कुणी ड्युटी मागत नाही. आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत घड्याळ ट्रेमध्ये सुटं टाकण्यापेक्षा रांगेत असतानाच काढून हातबॅगेच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून ठेवावं.

परदेशी गेल्यावर दोन वेळा एकदम सांभाळाव्या लागतात, पण ही कसरत आपल्याला नवी नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ सुरू झाली, पण मुंबईनं आपली वेळ सहजी सोडली नाही. प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. बोरीबंदरला गाडी गाठायची तर तो फरक डोक्यात ठेवूनच घरातून निघावं लागे. जुन्या लग्नपत्रिकांवर मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’, म्हणजे स्टँडर्ड टाइम, असं छापलेलं दिसतं, ते याच घोटाळ्यातून वाट काढायला.

आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. त्या अर्ध्या तासाचा एक मोठा गमतीचा फायदा आहे. तुमच्या मनगटावर काट्यांचं घड्याळ असेल तर आत्ता ते उलटं करून धरा, बाराचा आकडा खाली आणि सहाचा वर. समजा आपल्याकडे सकाळचे सात वाजलेत. उलट्या घड्याळात तासकाटा एकच्या जागी दिसेल आणि मिनिटकाटा सहाच्या. म्हणजे दीड. हिवाळ्यात लंडनला त्या वेळी रात्रीचा दीडच वाजलेला असतो. तासकाटा जरासा मागे वाटतो, पण वेळ बरोबर कळते. लंडनला मुलगी शिकत असेल, तर ऑक्टोबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत दुसऱ्या घड्याळाची गरजच नाही. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा मात्र ही युक्ती चालत नाही.

अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांचं तसं नसतं. न्यूयॉर्कच्या बाजूला साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा फरक, कॅलिफोर्नियात साडेबारा किंवा साडेतेरा. चार-सहा महिने राहायचं असतं. नातवाची शाळेची बस एका वेळेवर, आणि इकडे बहिणीला फोन करायचा, सोसायटीच्या मीटिंगला ऑनलाइन बसायचं ते दुसऱ्या वेळेवर. इथे दर्यावर्द्यांचा सल्ला मोडून दोन घड्याळं न्यायला माझी मनापासून संमती आहे, कारण ही दोन घड्याळं एकच वेळ सांगत नाहीत, त्यांच्यात भांडण होण्याचं कारणच नाही. एक मनगटावर, तिथल्या वेळेचं. दुसरं स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा उशाशी, भारताच्या वेळेचं, मोठ्या आकड्यांचं, स्वस्तातलं. सतत बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही, आणि बहिणीला मध्यरात्री उठवल्याची खंत उरत नाही. नियमित औषधं, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिल्या दोन दिवसांतल्या वेळा कोणत्या घड्याळानं पाळायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं.

आणि मुक्काम मार्चपर्यंत असेल, तर एवढं लक्षात ठेवा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे वेळ एक तास पुढे सरकते. त्या दिवशी मनगटावरचं घड्याळ तासभर पुढे करायचं. खिडकीतल्या घड्याळाला हात लावायचा नाही.